साधं इंग्रजी मुलांना कोण शिकवणार?

आपल्याकडे फॉर्मल आणि इनफॉर्मल इंग्रजी हा विषय शाळेत पत्रलेखनाच्या धड्यात येतो आणि तिथेच संपतो. फळ्यावर दोन रकाने, डावीकडे गेट, हेल्प, बाय, स्टार्ट, उजवीकडे ऑब्टेन, असिस्ट, परचेस, कमेन्स, मुलं वहीत उतरवून घेतात, पाठ करतात, परीक्षेत लिहितात, मार्क मिळतात, झालं. मी बडोद्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवते, शाळेतल्या मुलांनाही आणि परदेशी जायच्या तयारीत असलेल्या मोठ्यांनाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की या दोन रकान्यांनी फायद्यापेक्षा नुकसान जास्त केलंय. त्यातून मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते, मोठा शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी आणि छोटा शब्द म्हणजे कच्चं इंग्रजी. समोर कोण आहे, त्याचं आपलं नातं काय, आपल्याला त्याच्याकडून काय हवंय, हा विचार त्या फळ्यावर कुठेच नसतो, आणि खरं सांगायचं तर सगळा विषय तेवढाच आहे.

आता यात नुकसान कोणाचं होतं ते बघा. फॉर्मल इंग्रजी शाळा शिकवते, बरं-वाईट कसं का असेना, शिकवते. साधं, रोजचं, माणसाशी माणसासारखं बोलायचं इंग्रजी मात्र शाळा शिकवतच नाही. ते काही घरांत आपोआप मिळतं, जिथे आईबाबा दोघं इंग्रजीत भांडतात, कुत्र्याला इंग्रजीत रागावतात, फोनवर मित्राला इंग्रजीत टाळतात, तिथलं पोर ते ऐकत-ऐकतच मोठं होतं. बडोद्याच्या वाडी, पाणीगेट, प्रतापनगर भागातल्या मुलाला ते कुठून मिळणार? त्याच्या घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. त्याचं इंग्रजी म्हणजे पाठ्यपुस्तक आणि गाईड. मग तो इंटरव्ह्यूला जातो, समोरचा माणूस त्याला जरा मोकळं वाटावं म्हणून सहज विचारतो, प्रवास कसा झाला, आणि हा ताठ बसून म्हणतो, द जर्नी वॉज व्हेरी कम्फर्टेबल सर, थँक यू सर. पुढे शांतता. व्याकरणात एक चूक नाही. पण ज्याच्या घरी इंग्रजी आहे तो मुलगा त्याच प्रश्नावर ट्रेन उशिरा आली, मग स्टेशनवरचा चहा किती वाईट होता असं दोन वाक्यं बोलून गेलेला असतो आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याला वाटतं, ह्याच्यासोबत काम करता येईल. हुशारी दोघांची सारखी असू शकते. एकाला वारशात मिळालेली गोष्ट दुसऱ्याला कोणी शिकवलीच नाही, एवढाच फरक. म्हणून इनफॉर्मल इंग्रजी शिकवणं म्हणजे वेळ घालवणं असं जे काही पालक आणि काही प्रिन्सिपॉल म्हणतात ना, ते मला अजिबात पटत नाही. ज्यांना ते घरून मिळतं त्यांच्यासाठी वेळ घालवणं असेल कदाचित, बाकीच्यांसाठी तो हक्क आहे.

आणि इनफॉर्मल म्हणजे ब्रो, वॉना, गॉना असं कोणी समजू नका. ते मुलांना इन्स्टावरून भरपूर मिळतं. आजच्या मुलाकडे दोनच इंग्रज्या आहेत, एक अर्जाची आणि एक रीलची. मधलं काहीच नाही. त्यामुळे प्रोफेसरला मेल टाकायची वेळ आली की एक तर 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन आय बेग टू स्टेट' असं लोटांगण, नाहीतर 'हे सर, जीएम, पीएलझेड चेक' असा व्हॉट्सअ‍ॅप, आणि कधीकधी एकाच मेलमधे दोन्ही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मार्टिन जूस यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंग्रजीच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या, सगळ्यात वर गोठलेली भाषा, शपथा-प्रार्थनांची, मग फॉर्मल, मग सल्लामसलतीची, मग मित्रांतली, आणि शेवटी अगदी घरातली. मधली जी सल्लामसलतीची पायरी आहे, अनोळखी पण बरोबरीच्या माणसाशी काम काढायची, तीच माणूस दिवसभर वापरतो. डॉक्टरशी, बँकेत, घरमालकाशी, टीममधल्या माणसाशी, गिऱ्हाइकाशी. आणि आपल्या अभ्यासक्रमात नेमकी तीच पायरी नाही.

एक जवळचं उदाहरण सांगते. माझ्या मावसबहिणीचा मुलगा मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका व्हॉल्व बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल तोच टाकतो. मागे घरी आला होता, मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "मावशी, हे बघ ना जरा. मी काही उलटं लिहिलंय का गं? तो माणूस आधी छान बोलायचा, आता एकदम तुटक झालाय." बघितलं. जर्मनीतल्या माणसाचा दोन ओळींचा मेल होता, खाली नुसतं पहिलं नाव, हाय, मालाची काही खबर आहे का, थँक्स. आणि आमच्या पठ्ठ्याचं उत्तर: 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू युवर ट्रेलिंग मेल, इट इज टू इन्फॉर्म यू दॅट द सेड मटेरियल इज अंडर प्रोसेस. यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली अप्रूव्ह द रिव्हाइज्ड ड्रॉइंग अँड डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट.' 

व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, आणि पोराच्या मनात त्या माणसाबद्दल पूर्ण आदर, हे मला माहीत आहे कारण मी त्याला लहानपणापासून बघतेय. पण वाचणाऱ्याला काय पोचलं? एक तर त्याच्या प्रश्नाचं उत्तरच नाही, माल कधी निघणार ते कुठेच नाही. दुसरं, 'यू आर रिक्वेस्टेड टू' हे इंग्रजीत भिंतीवर लावलेल्या सूचनेत शोभतं, चपला बाहेर काढाव्यात वगैरे, माणसाला लिहिलं की नोटीस वाटते. तिसरं, त्याने एक पाऊल पुढे टाकून नुसत्या नावाने सही केली होती आणि ह्याने 'रिस्पेक्टेड सर' म्हणून चार पावलं मागे ढकललं. आम्ही दोघांनी बसून परत लिहिलं: 'थँक्स फॉर चेकिंग. द व्हॉल्व्ज आर रेडी, वी आर जस्ट वेटिंग फॉर युवर ओके ऑन द न्यू ड्रॉइंग. इफ यू कुड सेंड दॅट बाय थर्सडे, वी कॅन शिप ऑन सॅटर्डे.' तर लगेच म्हणतो कसा, "पण मावशी, हे तर अगदीच साधं झालं. सीसीला साहेब आहेत, ते म्हणतील ह्याला इंग्रजी येत नाही."

त्याचं हे म्हणणं मी हसण्यावारी नाही नेलं, कारण ती भीती खरी आहे. मेल एक, वाचणारे दोन, जर्मन माणसाला मोकळेपणा हवाय आणि इथल्या साहेबांना भारदस्तपणा. हा पेच कुठल्याही रकान्यात सुटत नाही. तिथे विचारच करावा लागतो, की मेल मुळात कोणासाठी आहे, साहेबांना वेगळा दोन ओळींचा मेल टाकता येईल का, की मधला सूर पकडता येईल जो दोघांना चालेल. आम्ही शेवटी वरती 'डिअर' आणि त्याचं नाव ठेवलं, बाकी मजकूर साधाच ठेवला, आणि साहेबांना त्याने तोंडी सांगितलं. असा विचार करायला शिकवणं म्हणजे भाषा शिकवणं, असं मला वाटतं.

इथे एक गोष्ट मात्र सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटेल मी आपल्या इंग्रजीची टिंगल करतेय. अजिबात नाही. 'रिस्पेक्टेड सर' आणि 'डू द नीडफुल' हे चुकीचं इंग्रजी नाही. नीडफुलवालं वाक्य तर साहेबांच्याच कचेऱ्यांतून आपल्याकडे आलंय, ते तिकडे जुनं झालं, आपल्याकडे टिकलं. बडोद्यात कलेक्टर कचेरीत इंग्रजीतून अर्ज द्यायचा असेल तर मी स्वतः 'रिस्पेक्टेड सर'च लिहीन, तिथे तेच शोभतं. ह्या वाक्यांवर हसणारे जे विनोदी व्हिडिओ फिरतात ते मला आवडत नाहीत, कारण त्यात ज्याने कष्टाने इंग्रजी कमावलं त्याला खाली बघायला लावतात. माझं म्हणणं एवढंच, कुठे शोभतं आणि कुठे नाही हे मुलाला कळलं पाहिजे आणि ठरवता आलं पाहिजे.

मग प्रश्न असा की मोठा शब्द म्हणजे मोठेपणा हे आलं कुठून? त्याचं मूळ इंग्लंडच्याच इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कितीतरी पिढ्या दरबार, कोर्ट, जमीनदारी सगळं फ्रेंचमधे, चर्च आणि विद्या लॅटिनमधे, आणि शेतात राबणारा माणूस इंग्रजीत. १३६२ साली कायदा करावा लागला की कोर्टातले दावे इंग्रजीत चालवा, कारण लोकांना त्यांच्याच खटल्यात काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि गंमत म्हणजे तो कायदासुद्धा फ्रेंचमधे लिहिलेला. तेव्हापासून एकाच अर्थाचे दोन-दोन तीन-तीन शब्द इंग्रजीत नांदतायत, आस्क शेतातला, क्वेश्चन दरबारातला, इंटरॉगेट विद्वानाचा. पण आपली गाईडं इथेच थांबतात. पुढे इंग्रजांचं स्वतःचं मत बदललं ते कोणी सांगतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना साधं लिहायला शिकवायचं काम अर्नेस्ट गॉवर्स या एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याकडे दिलं होतं. अमेरिकेत २०१० साली कायदाच झाला की सरकारी खात्यांनी लोकांना समजेल असं लिहावं. आणि आज ब्रिटिश सरकारच्या अधिकृत वेबसाइटची लेखनाची नियमावली काय सांगते माहितीये? परचेस लिहू नका, बाय लिहा. असिस्ट नको, हेल्प लिहा. अ‍ॅप्रॉक्झिमेटली नको, अबाउट लिहा. म्हणजे आपण मुलांकडून जो डावीकडचा रकाना खोडायला लावतो, तो त्यांचं सरकार आपल्या लोकांना वापरायला सांगतंय!

तीच गोष्ट फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला आउट, अप असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या शब्दांची. गाईडात ठामपणे छापलेलं असतं की फ्रेजल व्हर्ब इनफॉर्मल असतात, फॉर्मल लिखाणात टाळा. पण संशोधनाचे पेपर उघडून बघा, 'कॅरी आउट' पानोपानी असतं, आणि सरकार समिती नेमतं ते 'सेट अप अ कमिटी'च लिहितात. 'पुट अप विथ' बोलण्यात जास्त, 'कॅरी आउट' कुठेही. नियम शब्दाशब्दाला बदलतो, सरसकट खोडून कसं चालेल?

हे सगळं लोकांना कळेल असं लिहायचं भान बडोद्याला काही नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्यांच्याच प्रेरणेने १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू नावाचा कोश निघाला ते कमी लोकांना माहीत असतं. कारभारातले शब्द, इंग्रजीसकट आठ भाषांमधले, शेजारी-शेजारी मांडलेले, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. कचेरीत कुठला शब्द ठेवावा हा प्रश्न एका संस्थानाने इतक्या गांभीर्याने घेतला होता. आज त्याच शहरात आपण मुलांना सांगतो, कमेन्स पाठ कर, एक मार्क मिळेल.

आता शिकवायचं कसं. माझ्या मते सुरुवात इंग्रजीतून करूच नका, सुरुवात घरातून करा. बडोद्यातल्या मराठी घरातलं कुठलंही पोर बघा, दांडिया बाजारातलं म्हणा. आजीला 'अगं दे ना', बाबांच्या ओळखीचे कोणी आले तर 'काका, तुम्ही बसा, बाबा येतीलच', खाली भाजीवालीला 'बेन, भींडा केम आप्या', शेजारच्या किराणावाल्याला नावापुढे भाई लावल्याशिवाय हाक नाही, वॉचमनशी हिंदी. दिवसभरात चार वेळा भाषा आणि दहा वेळा सूर बदलतं हे पोर, एकदाही चुकत नाही आणि कोणी त्याला रकाने दिलेले नसतात. ही एवढी मोठी समज घेऊन ते वर्गात येतं आणि आपण त्याला सांगतो, तुला काही येत नाही, हे पाठ कर.

माझ्या वर्गात मी लग्नपत्रिका आणते. मराठी पत्रिका, वरती आजोबांच्या नावाने मजकूर, श्रीकृपेकरून शुभविवाह करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत. आणि खाली कोपऱ्यात छोट्या चिंगीच्या नावाने, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! गुजराती कंकोत्रीतही तेच, वरती भारदस्त आमंत्रण आणि खाली बोबडं, मारा मामाना लगनमां जलूल जलूल आवजो. मुलांना विचारते, ह्या दोन ओळींची अदलाबदल केली तर? आजोबा म्हणतायत यायचं हं आणि चिंगी म्हणतेय शुभाशीर्वाद द्यावेत. हसतात. मग विचारते का हसलात, आणि तिथून खरा तास सुरू होतो. एकजण म्हणतो आजोबा सगळ्या गावाला बोलावतायत, नुसत्या ओळखीच्यांना नाही. दुसरी म्हणते पत्रिका जपून ठेवतात मिस, म्हणून भाषा तशी. एक मुलगा एकदा म्हणाला की चिंगीच्या ओळीत हुकूम आहे तरी राग येत नाही, कारण ती चिंगी आहे. वाचणारा कोण, किती जण, किती दिवस टिकणारं लिखाण, लिहिणाऱ्याचा अधिकार किती, सगळे मुद्दे मुलंच काढून देतात. सीबीएसईला बारावीच्या इंग्रजीत फॉर्मल आणि इनफॉर्मल आमंत्रण असतंच, पन्नास शब्दांचं. या तासानंतर ते शिकवायला फार वेळ लागत नाही.

दुसरी जागा जिथे मुलं अडतात ती 'यू'. मराठीत आदर कुठे ठेवायचा ते ठरलेलं आहे, तू, तुम्ही, आपण, शिवाय क्रियापदात, ये, या, यावं. गुजरातीत तुं आणि तमे. इंग्रजीत पूर्वी 'तू'साठी दाऊ होतं, साधारण सतराव्या शतकानंतर ते रोजच्या बोलण्यातून गेलं, आता प्रिन्सिपॉलला यू आणि धाकट्या भावालाही यू. मुलाला हे उघडंनागडं वाटतं, मग तो आदर कुठेतरी चिकटवायला बघतो, वाक्यागणिक सर, वाक्यागणिक काइंडली. पण इंग्रजीने आदर दुसरीकडे हलवलाय, कुड, वुड, माइट मधे, आणि भूतकाळात. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड लुक अ‍ॅट माय असाइनमेंट.' मुलं म्हणतात मिस, आत्ता विचारतोय तर वॉज का? तेव्हा मी विचारते, सरांकडे गेलात की मराठीत काय म्हणता? 'सर, एक विचारायचं होतं.' होतं! विचारायचंय आत्ताच, पण म्हणतो होतं. 'काकू, जरा काम होतं.' काम अजून आहेच की. वर्गातल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात तेव्हा, कारण त्यांना कळतं की हे आपल्याला येत होतंच. याच्यानंतर 'प्लीज सेंड द मार्कशीट टुडे' आणि 'कुड यू सेंड द मार्कशीट व्हेन यू गेट अ चान्स' यातला फरक समजावावा लागत नाही. पहिल्यात प्लीज आहे तरी तो हुकूमच, दुसऱ्यात एकही मोठा शब्द नाही तरी अदब आहे. प्लीज आणि काइंडली कितीही शिंपडा, हुकूम हुकूमच राहतो.

परदेशी जाणाऱ्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. आपल्याकडे सयाजीगंज, अलकापुरी भागात आयईएलटीएसचे, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेच्या क्लासचे, बोर्डच बोर्ड. या परीक्षेत जनरल ट्रेनिंग नावाचा जो प्रकार आहे त्यात पहिलाच लेखी प्रश्न पत्राचा असतो, वीस मिनिटं, किमान दीडशे शब्द, कधी मॅनेजरला, कधी घरमालकाला, कधी मित्राला. तपासताना सूर योग्य आहे का आणि शेवटपर्यंत एकसारखा टिकलाय का हे बघतात, सात बँडच्या, म्हणजे त्या गुणपातळीच्या, वर्णनात ते स्पष्ट लिहिलेलं आहे आणि सहाच्या वर्णनात सुरात चढउतार असू शकतात असं. तरी क्लासमधे काय चालतं, तर टेम्प्लेट. मित्राला लग्नाचं बोलावणं लिहायचं आणि मुलगी लिहिते, 'आय अ‍ॅम रायटिंग धिस लेटर टू इन्फॉर्म यू अबाउट माय फोर्थकमिंग मॅरेज.' जिच्याशी रोज तासभर फोनवर बोलते त्या मैत्रिणीला! पण त्याहून मोठी गोष्ट ही की शिकायला जाणारी मुलं बहुतेक अ‍ॅकॅडमिक प्रकार देतात, त्यात पत्र नसतंच, तक्ते-आलेख समजावून सांगायचे आणि निबंध. म्हणजे जी मुलगी उद्या एकटी जाऊन घरमालकाला गीझर बंद आहे म्हणून लिहिणार, प्रोफेसरकडे मुदत मागणार, पार्टटाइम कामावरच्या सुपरवायझरला शिफ्ट बदलून द्या म्हणणार, तिने एकही पत्र न लिहिता विमान पकडलेलं असतं. गीझर बंद आहे हे 'काइंडली डू द नीडफुल' असं लिहिलं की घरमालकाला नक्की काय करायचं ते कळत नाही, आणि नुसतं 'गीझर नॉट वर्किंग, फिक्स इट' लिहिलं की तो चिडतो. दोन्हीकडून अंघोळ गार पाण्याचीच.

यावर हल्ली एक उत्तर ठरलेलं असतं, एआय आहे की आता, तो लिहून देईल. देतो, मी बघते रोज. मुलं दोन ओळी टाकतात आणि तो छान गुळगुळीत मेल काढून देतो, आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल, सगळ्यांचा सारखाच, मैत्रिणीला रुसवा काढायलाही तेच आणि बँकेलाही तेच. टोन बदलायची बटणं आहेत, प्रोफेशनल करा, फ्रेंडली करा, पण बटण दाबणार कोण? समोरच्या माणसाला कुठला सूर चालेल हे ज्याला कळतं त्यालाच ते बटण उपयोगी. मशीनला घरमालक माहीत नाही, मुलीला माहीत आहे. आणि तोंडी इंटरव्ह्यूत, कॅन्टीनमधे, फोनवर कुठलं बटण?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी मान देऊन ऐकते. काही अनुभवी शिक्षक म्हणतात, अगं, आपल्या मुलांना नोकरीसाठी फॉर्मल हवं, आधी ते तरी धड येऊ दे, दोन्हीच्या नादात गोंधळ होईल. मला वाटतं गोंधळ आत्ता होतोय तो एकच शिकवल्यामुळे होतोय. एकच सूर माहीत असेल तर तो निवडलेला नसतोच, फक्त सवय असते. तीन मजकूर शेजारी-शेजारी ठेवले, 'कान्ट मेक इट टुमॉरो, सॉरी', 'आय अ‍ॅम अफ्रेड आय वोन्ट बी एबल टू कम टुमॉरो', 'आय रिग्रेट दॅट आय अ‍ॅम अनेबल टू अटेंड', की मुलाला तिसऱ्याचं वजनही तेव्हाच कळतं जेव्हा पहिलं समोर असतं. आणि बहुतेक वेळा कामाला येतं ते मधलं, हे ते स्वतः सांगतं.

शाळांकडून माझं मागणं फार मोठं नाही. प्रश्नपत्रिकेतून 'राइट अ फॉर्मल लेटर' हे शब्द काढून टाका. कारण तो एक निर्णय जो मुलाने घ्यायला हवा तो प्रश्नपत्रिकाच घेऊन टाकते, मग परीक्षा कसली उरली, साच्याची फक्त, पत्ता डावीकडे आहे का, विषय आहे का, 'युवर्स फेथफुली' आहे की 'सिन्सिअरली'. त्याऐवजी प्रश्नात फक्त माणसं द्या. तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्या मित्राचे वडील आहेत, त्यांना सगळ्यांच्या वतीने पाण्याच्या टाकीबद्दल लिहा. आता हा पेच आहे, काका म्हणून लिहायचं की सेक्रेटरी म्हणून? मुलाला कुठलाही सूर घेऊ दे, आणि खाली दोन ओळीत मराठीत, गुजरातीत, जमेल त्या भाषेत लिहू दे की हाच का घेतला. त्या दोन ओळींना मार्क द्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणात मातृभाषेच्या आधाराने शिकवण्याबद्दल एवढं बोललंय, तर इंग्रजीच्या तासाला तो आधार घ्यायला कोणाची परवानगी लागू नये.

अडचण आहे ती तपासणाऱ्यांची. साच्याला मार्क देणं सोपं, टिक मारत गेलं की झालं, निर्णयाला मार्क देताना वाचावं लागतं, विचार करावा लागतो आणि गठ्ठा मोठा असतो. शिवाय आपल्यातल्या कितीतरी शिक्षकांना स्वतःला अर्जाचंच इंग्रजी शिकवलं गेलं, साध्या इंग्रजीत दोन मिनिटं गप्पा मारायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही, आणि मुलांसमोर साधं बोलायला त्यांना तीच भीती वाटते जी माझ्या भाच्याला साहेबांची वाटली. बीएडला व्याकरणाचे, लेसन प्लॅनचे तास असतात, त्यात आठवड्याला एक तास शिक्षकांनी आपसात नुसतं बोलण्याचा ठेवा, पत्रिका, मेल, नोटिसा, घरमालकाचे मेसेज असा खराखुरा मजकूर टेबलावर टाकून, कोणी चुका काढायला न बसता. बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत तर १९४९पासून शिकवायची भाषाच इंग्रजी आहे, आणि तिथे पहिल्या वर्षाला दांडिया बाजारातलीही मुलं येतात आणि आसपासच्या डभोई-पादऱ्याकडचीही. असा तास त्यांच्यासाठीही पहिल्याच सत्रात ठेवता येईल, प्रोफेसरला मेल कसा लिहायचा इथपासून.